बुडबुड्याला ओव्हरटेक करू नये

संघमित्रा सुरवाडे या कंडक्टरबाईंनी धुळ्याच्या स्टँडवर आम्हाला एसटीत चढू दिलं नाही. ही त्यांची आणि आमची पहिली भेट.

आम्ही म्हणजे जळगावच्या स्कूबा डायव्हिंग क्लबचे पाच सभासद. जळगावात असा क्लब आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठे, मेहरूणच्या तलावात?" जवळात जवळचा समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरवर, हे खरंच आहे. पण कापडवाल्या लखीचंदशेठचा मुलगा जिनेश लग्नानंतर अंदमानला गेला, तिथे चाळीस मिनिटं पाण्याखाली राहिला आणि परत आला तो दुकानात बसेना. गिऱ्हाईक साडीचा पदर बघत असायचं आणि हा त्याला कासवांबद्दल सांगायचा. दोन वर्षांत चार वेळा जाऊन-येऊन त्याने शिकवण्याचा परवाना मिळवला आणि क्लब काढला. माझं पाइप-फिटिंगचं दुकान त्याच्या दुकानासमोर. टाकीचा एक वायसर गळत होता म्हणून त्याने मला बोलावलं. वायसर बदलला आणि मीही सभासद झालो. माझं नाव योगराज.

आमचा सराव धुळ्याला व्हायचा. तिथे एका मंगल कार्यालयाच्या मालकाने हौसेने बारा फूट खोल तलाव बांधला होता आणि लग्नसराई नसली की तो आम्हाला द्यायचा. त्या दिवशी सराव आटोपला आणि जिनेशच्या गाडीचा क्लच गेला. मग ओले टॉवेल खांद्यावर टाकून, पायात घालायचे रबरी पंख काखेत मारून आणि सहा टाक्या हातगाडीवर ठेवून आम्ही स्टँडवर आलो.

जळगावची गाडी लागलेलीच होती. दारात खाकी साडीतल्या, पन्नाशीला टेकलेल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या बाई उभ्या होत्या.

"गॅसच्या टाक्या गाडीत नाही," त्या म्हणाल्या.

"गॅस नाही मॅडम, हवा आहे," जिनेश म्हणाला.

"हवा?"

"साधी हवा. आपण घेतो ती."

बाईंनी स्टँडभर नजर फिरवली. "मग ती तर इथे पण आहे. विकत भरून कशाला फिरून राहिले?"

ड्रायव्हर भाईदास आबा खिडकीतून वाकून ऐकत होते. ते पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. "अक्का, यास्ना टाक्यास्मा काय शे?"

"हवा म्हणतात."

"हवा शे ना? मंग आपला मांगला टायर कमी शे. त्यामा भरी द्या."

अर्धी गाडी हसली. जिनेशने घाईघाईने सांगितलं की टायरच्या कितीतरी पट दाब या टाकीत असतो, गाडीच्या टायरचं काही शिल्लक राहणार नाही. तिथेच त्याचं चुकलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"एवढा दाब असलेली टाकी मी चव्वेचाळीस माणसांच्या बुडाखाली ठेवू? आधी रिकामी करा, मग चढा."

"मॅडम, पूर्ण रिकामी करता येत नाही. थोडी हवा आत ठेवावीच लागते, नाहीतर दमट हवा शिरून टाकी आतून गंजते. नियम आहे."

नियम हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "असं म्हणा ना. किती ठेवायची?"

मग स्टँडच्या कोपऱ्यात, गाडीपासून लांब, आम्ही एकेक टाकी उघडली. असा फूत्कार निघाला की धुळीचा लोट उठला, शेंगदाणेवाल्याच्या कागदी पुड्या उडून फलाटावर पळाल्या आणि एका आजोबांची टोपी थेट शिरपूरच्या गाडीखाली गेली. बाई प्रत्येक टाकीच्या काट्याशी वाकून बघत होत्या. "अजून सोडा. अजून. हां, बस." भाईदास आबा हळहळले, "बठ्ठी हवा फुकट चालनी."

गाडी सुटली. तिकिटं काढून झाल्यावर, एरंडोलच्या अलीकडे, बाई आमच्या सीटजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि चौकशी करू लागल्या. पाण्यात किती वेळ राहता, बोलता कसं, भीती वाटत नाही का. जिनेशला असं गिऱ्हाईक हवंच असतं, तो रंगात आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "किती जण उतरता एका वेळी?"

"दहा-बारा."

"आणि मोजतं कोण?"

उतरताना कुणीतरी मोजायचं, वर आल्यावरही कुणीतरी मोजायचं. तो कुणीतरी कोण, हे कधी ठरलंच नव्हतं.

"मी बावीस वर्षं माणसं मोजून राहिले," संघमित्राबाई म्हणाल्या. "ही गाडी जमिनीवर चालते, माणूस राहिला तर मागच्या गाडीने येतो. तुमच्या तिथे मागची गाडी आहे का?"

जळगावला उतरताना जिनेशने त्यांचा नंबर घेतला.

पुढच्या बुधवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्या खरंच आल्या. जिनेशने त्यांना क्लबचं सुरक्षेचं काम बघायला सांगितलं. त्यांनी अट घातली: जे काम मला करता येत नाही त्याचे नियम मी दुसऱ्याला सांगणार नाही. आधी मला शिकवा. अडचण एवढीच होती की त्यांना पोहता येत नव्हतं.

बाई मूळच्या बोदवडच्या. लहानपणी त्यांच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते पंधरा-पंधरा दिवसांनी, आणि मग घरातलं भांडंन् भांडं भरून ठेवायचं. डबे, पातेली, एकदा तर पाळणासुद्धा धुऊन त्यात मेणकापड घालून भरला होता. "बुडण्याएवढं पाणी मी एका जागी कधी बघितलंच नाही," त्या सांगायच्या. "त्यामुळे बुडायची भीती पण शिकायची राहून गेली."

हे त्यांच्या पथ्यावर पडलं. जळगावात सकाळी बायकांची बॅच असते, तिथे नाव घातलं. तीन महिन्यांत त्या तलावाच्या आठ लांब्या न थांबता मारू लागल्या. घरी नवरा राजदीप शिक्षक, तो आधी काळजीत पडला, मग काठावर बसून वर्तमानपत्र वाचू लागला. मुलगी साक्षी नर्सिंग शिकते. जिनेशची इंग्रजी पुस्तकं ती रविवारी आईला अर्थ सांगत वाचून दाखवायची. आई मध्येच थांबवून विचारायची, "का?" साक्षी म्हणे, "आई, इथे लिहिलेलं नाही." मग सोमवारी सकाळी जिनेशचा फोन वाजायचा.

पाण्याखाली जायचा पहिला दिवस मला अजून आठवतो. धुळ्याचा तोच तलाव. जिनेशने अक्कांना (तोवर त्या सगळ्यांच्या अक्का झाल्या होत्या) पाठीवर टाकी बांधली, तोंडात श्वासाची नळी दिली, डोळ्यांवर मुखवटा चढवला आणि दोघं खाली गेले. मी सोबत होतो. तळाशी गुडघे टेकल्यावर जिनेशने हाताने विचारलं, ठीक आहे? अक्कांनी खुशीत अंगठा दाखवला.

अंगठा म्हणजे आमच्याकडे "वर चला". जिनेश त्यांना वर घेऊन आला.

"काय झालं अक्का?"

"कुठे काय? मजा येऊन राहिली. वर का आणलं?"

"तुम्ही अंगठा दाखवला."

"मग? छान चाललंय म्हणून."

पुन्हा समजावलं. छान असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. पुन्हा खाली गेलो. जिनेशने विचारलं, अक्कांनी अंगठा दाखवला, पुन्हा वर आलो. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा वर आल्यावर अक्का स्वतःवरच हसायला लागल्या, आणि तेव्हा त्यांची खरी अडचण कळली.

त्यांना पाण्याखाली हसू आवरायचं नाही.

गाडीत कपाळावरची आठी न मोडणारी ही बाई पाण्याच्या आत गेली की लहान मुलीसारखी खुदखुदायची. चारी बाजूंना पाणी, वर पाणी, खाली पाणी, आणि आपण त्यात बसून श्वास घेतोय, एवढ्यानेच त्यांना हसू फुटायचं. हसलं की गालांना वळ्या पडतात, मुखवटा चेहऱ्यावरून किंचित सुटतो आणि पाणी आत शिरतं. पाणी डोळ्यांपर्यंत आलं की त्यांना त्याचंही हसू यायचं. मग आणखी पाणी. जिनेशने सगळे उपाय केले. म्हणाला, अक्का, काहीतरी दुःखाचं आठवा. अक्कांनी प्रयत्न केला. खाली जाऊन डोळे मिटले, दोन मिनिटं गंभीर राहिल्या आणि मग नळीतून फुर्र करून एवढे बुडबुडे सोडले की आम्ही दोघंही हसलो आणि तिघांच्याही मुखवट्यांत पाणी गेलं.

दोन बुधवार असेच गेले. तिसऱ्या बुधवारी त्यांनीच तोड काढली.

"हसू थांबत नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "आत आलेलं पाणी बाहेर कसं काढायचं ते दाखव. तेच पक्कं करते."

मुखवट्याची वरची कड दाबून धरायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालच्या बाजूने निघून जातं. नवशिके याला घाबरतात. अक्कांनी ते एका दुपारी साठ वेळा केलं. घरी बादलीत केलं. महिन्याभराने परीक्षा झाली तेव्हा त्या एका दमात मुखवटा पूर्ण भरून पूर्ण रिकामा करत होत्या, आणि हसत होत्या. जिनेशने सही केली.

मग त्यांनी नियम हातात घेतले.

नियम आमच्याकडे आधीही होतेच, इंग्रजीत, एका फाइलमध्ये. अक्कांनी ती फाइल बंद केली आणि पहिल्याच बैठकीत तोंडी सांगायला सुरुवात केली. श्वास रोखायचा नाही, काहीही झालं तरी नाही. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाडते, "धुळ्याला टाकीचा फूत्कार ऐकला ना, तो छातीत नको." वर येताना सावकाश. किती सावकाश, तर आपल्याच तोंडातून सुटलेले बारीक बुडबुडे आपल्या पुढे जात राहिले पाहिजेत. "बुडबुड्याला ओव्हरटेक करू नये," असं त्यांनी म्हटलं, आणि ते वाक्य आमच्या तोंडी इतकं बसलं की मुस्कान, जिनेशची बायको, स्कूटरवरसुद्धा त्याला हेच ऐकवते. टाकीत पाव हिस्सा हवा उरली की परत फिरायचं, मग समोर देवमासा असला तरी. तोंडात गुटख्याची पुडी असेल तर पाण्याला पाय लावायचा नाही; हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता, आमच्या दोन सभासदांकडे बघून केला होता. ते दोघे आधी रुसले, मग एकाने पुडी सोडली.

आणि जोडीदार. एकट्याने उतरायचं नाही, जोडीदाराला हाताच्या अंतरावर ठेवायचं, उतरण्याआधी एकमेकांचा पट्टा, हवा, नळी तपासायची. एकदा जिनेश आणि मुस्कान सकाळीच कशावरून तरी भांडून आले होते आणि एकमेकांचे पट्टे न बघता ओढत होते. अक्कांनी दोघांना बाजूला केलं. "भांडून आलेली जोडी पाण्यात उतरणार नाही. तू योगराजबरोबर जा, तू माझ्याबरोबर." जिनेश म्हणाला, "अक्का, मी इन्स्ट्रक्टर आहे." अक्का म्हणाल्या, "ड्रायव्हर भांडून आला तरी मी गाडी सोडत नाही."

सगळ्यात मोठं नवल लखीचंदशेठचं. ते मुलाच्या या उद्योगावर सहा वर्षं नाराज होते. एकदा अक्कांना जाब विचारायला म्हणून आले आणि तासभर नियम ऐकत बसले. जाताना म्हणाले, "एवढे नियम असतील तर काम चांगलंच असलं पाहिजे." शेठ स्वतः नियमाचे, सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी नाव घातलं. अक्कांनी हृदयाची, कानाची, रक्तदाबाची तपासणी करून आणायला लावली, एक रिपोर्ट जुना होता तो परत पाठवला, आणि शेठ कुरकुर न करता पुन्हा जाऊन आले. पोहायला त्यांना लहानपणापासून येत होतं. पाण्याखाली ते आमच्या सगळ्यांपेक्षा शांत. मांडी घालून बसायचं तेवढं बाकी ठेवायचे.

डिसेंबरात आम्ही मालवणकडे निघालो. बारा डायव्हर आणि अक्का, एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. अक्का तेराव्या का, तर त्यांनीच ठरवलं होतं की पहिल्या दिवशी आपण पाण्यात जायचं नाही, बोटीवर बसून यादी सांभाळायची. दुसऱ्या दिवशी बघू.

पहिल्या दिवशी समुद्र काचेसारखा होता. बोट किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर एका खडकाजवळ नांगरली. आम्ही जोडी-जोडीने उतरलो; माझे जोडीदार लखीचंदशेठ. नांगराच्या दोराला धरून खाली गेलो आणि पुढची पस्तीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे तोंडाजवळून जात होते. शेठनी एका खेकड्याला हात जोडून नमस्कार केला, मी पाहिला.

परत येताना पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबायचं असतं, शरीरात मुरलेली हवा हळूहळू सुटावी म्हणून. आम्ही थांबलो. माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली, मी शेठना अंगठा दाखवला, त्यांनी मान हलवली, आणि मी वर निघालो. ते मागोमाग येताहेत असं मी धरून चाललो. मागे वळून बघितलं नाही. हे मी लपवत नाही.

बोटीवर गोंधळ चालला होता. सगळे एकदम बोलत होते, कुणाला कासव दिसलं, कुणाला दिसल्यासारखं वाटलं. मी पंख काढले, टाकी उतरवली आणि कासवाच्या चर्चेत सामील झालो. वारा सुटायला लागला होता, बोटवाल्याला परतायची घाई होती. जिनेशने बोटीवर नजर फिरवत बोटांवर मोजलं. "दहा, अकरा, बारा. चला, झाले."

बोटवाल्याने इंजिनाला हात घातला.

टण्.

अक्कांनी हातातली पाण्याची स्टीलची बाटली लोखंडी कठड्यावर एकदाच हाणली होती. एसटीत एक घंटा म्हणजे थांब. हे कुणी बोटवाल्याला शिकवलं नव्हतं, पण त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"मला मोजलंस का?" त्यांनी जिनेशला विचारलं.

"अं?"

"बारा म्हणालास. त्यात मी आहे का?"

जिनेशने पुन्हा सगळ्यांकडे बघितलं.

"कंडक्टरला प्रवाशांत धरत नाहीत," अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. यादीवर बोट फिरवून एकेकाचं नाव घेतलं, आणि "लखीचंदशेठ" म्हणाल्या तेव्हा कुणी "हो" म्हटलं नाही. जोडीदार मी होतो.

जिनेशने मुखवटा लावला आणि बोटीच्या कडेवरून डोकं पाण्यात घातलं. काही क्षण फक्त त्याची पाठ दिसत होती. मग ती पाठ हलायला लागली. डोकं वर काढलं तेव्हा तो रडतोय की हसतोय हेच कळेना.

"पप्पा आहेत," तो म्हणाला. "खाली. दोर धरून बसलेत. मी या म्हटलं तर थांब म्हणतात."

शेठ आणखी थोड्या वेळाने वर आले, सावकाश, बुडबुड्यांच्या मागून. बोटीवर बारा तोंडं त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, तुम्ही खाली काय करत होतात?"

"तीन मिनिटं पूर्ण व्हायची होती." त्यांनी मनगट पुढे केलं. क्लबने दिलेलं घड्याळ त्यांनी जपून खोलीत ठेवलं होतं आणि आपलं लग्नातलं, किल्लीचं घड्याळ घालून पाण्यात उतरले होते. ते दहा वाजून वीस मिनिटांनी बंद पडलं होतं. काटा हलेना, म्हणून शेठ हलेनात. "मासे चांगले होते," ते म्हणाले. "मला काही त्रास नव्हता."

बोटीवर जे हसणं सुटलं ते बोटवाल्यापर्यंत पोचलं. मी हसलो नाही. बोट वळली असती तर तिच्याखालचा पंखा त्या दोराच्या किती जवळून गेला असता, ते मला दिसत होतं. अक्काही हसल्या नव्हत्या.

"शेठ, घड्याळ बंद पडलं तरी टाकी रिकामी होतच असते," त्या म्हणाल्या. "उद्यापासून क्लबचं घड्याळ." मग जिनेशकडे वळल्या. "तू आठवडाभर मोजायचं नाहीस." आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "अक्का, माझी चूक आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. उद्या तू पाण्यात नाही. बोटीवर बसायचं, यादी तुझ्याकडे."

त्यामुळे अक्का पहिल्यांदा समुद्रात उतरल्या तेव्हा मी वर होतो, हातात यादी घेऊन.

मुस्कान त्यांची जोडीदार होती. दोघींनी एकमेकींचे पट्टे तपासले. अक्कांनी बोटीच्या कडेला बसून एकदा पाण्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बारा. मी सोडून." त्यांनी अंगठा-तर्जनीचा गोल केला आणि पाठीवर उलट्या पाण्यात गेल्या.

मला खालचं काही दिसत नव्हतं, फक्त बुडबुडे. पण बसून बसून माणूस त्यातही शिकतो. शांत माणसाचे बुडबुडे ठरावीक अंतराने येतात, एक घोस, मग थांबून दुसरा. नवशिक्याचे भराभर. आणि डाव्या बाजूला एका जागी काही वेगळंच चाललं होतं: एक मोठा घोस, मागोमाग बारके आठ-दहा, मग काहीच नाही, मग पुन्हा सगळे एकदम. पाणी खदखदत होतं. बोटवाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"ह्यां काय?"

"आमच्या अक्का हसताहेत," मी म्हणालो.

त्याने बराच वेळ बघितलं. "जोरात हसतत," तो म्हणाला.

पंचेचाळीस मिनिटांनी सगळे वर आले. मी बारा नावं घेतली, बारा वेळा "हो" आलं, मगच मान हलवली. अक्का कडेला टेकून बसल्या होत्या. मुखवट्याचा वळ कपाळावर, केस चिकटलेले, बोलायला तोंड उघडायच्या आणि पुन्हा हसू यायचं. शेवटी म्हणाल्या, "एवढं पाणी... आणि कुणी भरून ठेवलेलं नाही." आणि पुन्हा हसायला लागल्या. ह्या वेळी मीही हसलो.

त्या दुपारी चारला जळगावकडे निघायचं ठरलं होतं. सामान ट्रॅव्हलरवर चढलं. तेवढ्यात अक्का फोन कानाला लावूनच आल्या. साक्षीशी बोलत होत्या. पुस्तकाच्या शेवटच्या भागात काहीतरी वाचल्याचं त्यांना सकाळपासून टोचत होतं, म्हणून तिला पुन्हा बघायला लावलं होतं.

"जिनेश, डायव्हिंगनंतर विमानात बसत नाहीत ना?"

"नाही, अठरा तास तरी नाही. पण आपण विमानाने कुठे चाललोय?"

"उंचावर हवा पातळ होते म्हणून बसत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग घाट?"

किनाऱ्यावरून घरी जायचं तर घाट चढायचाच, समुद्रापासून सरळ दोन-अडीच हजार फूट वर, आणि तेही पाण्यातून निघाल्यावर काही तासांत. सहा वर्षांत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जिनेशने साक्षीकडून त्या पानाचा फोटो मागवून घेतला, वाचला, फोन खिशात टाकला.

"सामान उतरवा," तो म्हणाला.

आरडाओरडा झाला. कुणाला बँकेत जायचं होतं, कुणाच्या मेहुण्याचा साखरपुडा होता. ट्रॅव्हलरवाला म्हणाला, असा पाहुणा मी पाहिला नाही. अक्का ट्रॅव्हलरच्या दारात उभ्या राहिल्या, आणि हळूहळू एकेक बॅग खाली आली.

आणि मग आमच्याकडे एक अख्खी संध्याकाळ उरली, जिचं काय करायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. शेठनी सूर्य मावळायच्या आत डब्यातला खाकरा खाऊन घेतला आणि आम्हाला मासळीच्या ताटाला मोकळं सोडलं. मुस्कानने वाळूत विषामृत खेळायला काढलं. पन्नाशीच्या अक्का सहावारी खोचून पळत होत्या, त्यांच्या मागे इन्स्ट्रक्टर, त्याच्या मागे त्याचे वडील. साखरपुडा बुडालेला माणूस पडला तो उठेचना, वाळूत पालथा पडून हसत राहिला. बोटवाला त्याच्या घरच्यांना घेऊन बघायला आला आणि तोही खेळात शिरला. अक्कांनी पाठवलेल्या निरोपावर डेपोतून फोन आला, उद्या ड्यूटीवर का नाही. त्या धापा टाकत म्हणाल्या, "साहेब, घाट चढायला परवानगी नाही." साहेबांनी विचारलं, कोणाची? अक्कांनी फोन कानापासून लांब धरून आमच्याकडे बघितलं आणि साहेबांना सांगितलं, "माझीच." एक दिवसाची रजा कापली गेली. त्यांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून, नऊला निघालो. घाटाच्या मध्यावर कुणीतरी म्हणालं कान बंद झाले, आणि सवयीने आम्ही सगळ्यांनी, ट्रॅव्हलरवाल्यासकट, एकदम नाकं दाबली. वळणावर रानमेवा विकणारी बाई टोपली घेऊन उभी होती. ती खिडक्यांमधून आमच्याकडे बघतच राहिली.

"सोडा नाकं," मागच्या सीटवरून अक्का म्हणाल्या. "नाक दाबायचं ते खाली जाताना. वर चढताना नुसतं गिळायचं. तिसरं प्रकरण कुणी वाचलंच नाही वाटतं."

आम्ही तेरा जणांनी आणि ट्रॅव्हलरवाल्याने एकदम आवंढा गिळला, आणि गाडी पुढच्या वळणाला लागली.